शिनो, सोडा आणि अण्णांचं चोपण

नगर जिल्ह्यात मी याआधी पाच-सहा वेळा जाऊन आले, पण दर वेळी देवाला. राहुरी म्हणजे शिर्डीच्या वाटेवर चहाला थांबायचं ठिकाण, एवढीच माझी ओळख. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमचा कंडक्टर ‘नगर, नगर’ असंच ओरडत होता. या खेपेला मी राहुरीलाच उतरले. पाठीवर सॅक, हातात दहा लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि पिशवीत चार किलो धुण्याचा सोडा. असला ऐवज घेऊन कुणी देवाला जात नाही. मी भांडी भाजायला चालले होते.

सव्वीस वर्षं मी पुण्यात शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. शिकवण्याची सवय स्वेच्छानिवृत्तीनंतरही जात नाही, म्हणून घरच्यांनी मला एका कुंभारकामाच्या वर्गात नेऊन सोडलं. तिथे शिनो भेटला आणि मी कामातून गेले. शिनो हे मूळचं जपानी ग्लेज. ग्लेज म्हणजे भाजलेल्या भांड्यावरची काचेची कातडी. फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड, पांढरी चिनी माती आणि सोडा पाण्यात कालवायचा, भांडं त्यात बुडवायचं आणि जवळजवळ तेराशे अंशांवर भाजायचं. भट्टीत मुद्दाम धूर केला, तर तो धूर वितळत्या सोड्याखाली अडकतो आणि दुधासारख्या पांढऱ्यावर काळे ढग उमटतात. कडेला भाजल्या पोळीसारखा तांबूस रंग येतो. जमलं तर असं. नाही जमलं तर चुना फासलेलं भांडं.

वसुधाचं तीन भट्ट्यांत चुना फासलेलंच निघालं होतं. वसुधा माझी कॉलेजची मैत्रीण. मूळची सदाशिव पेठेतली, लग्न करून राहुरीजवळच्या शेतकरी घरात गेली. नवरा नोकरीनिमित्त आठवडाभर नाशिकला, मुलगी शिकायला बाहेर. तीन वर्षांपूर्वी तिने शेतातल्या शेडमध्ये गॅसची भट्टी बांधली. शिनोचं खूळ तिच्या डोक्यात मीच भरलं होतं. कृतीही माझीच. पुण्यात माझ्या छोट्या चाचणी-फरश्यांवर तीच कृती अशी काही खुलायची की बघत राहावं, आणि तिच्या वाडग्यांवर मात्र काहीच नाही. तिसऱ्या भट्टीनंतर मी फोनवर वैतागून म्हणाले होते, “वसू, तुझ्या हातालाच सफाई नाही. वजनं नीट करत नसशील.” ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. महिन्याभराने तिचा फोन आला. “आता एकच भट्टी लावणार आहे. हीसुद्धा बिघडली तर चाक शाळेला देते आणि शेड अण्णांना कांदा ठेवायला. तू येतेस का?”

न जाऊन सांगते कुणाला.

राहुरी : पुण्याचं पाणी

अण्णा म्हणजे वसुधाचे सासरे. पंचाहत्तरीचे, काटक, धोतर-टोपीतले. मी वसुधाच्या पिकअपमधून उतरत होते तेव्हा ते अंगणात उसाचं टिपरू सोलत बसले होते. नमस्कार झाल्याबरोबर त्यांची नजर कॅनवर गेली.

“ह्यात काय हाय, बाई?”

“पाणी.”

“पानी? पुन्यास्नं?”

मी त्यांना समजावलं की बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांनी ग्लेज बिघडत असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मुळा धरन आमच्या उशाला,” ते म्हणाले, “अन् तुमी पुन्यास्नं पानी आनलं. बरं, अन् पिशवीत?”

“सोडा.”

त्यांनी चिमूटभर सोडा बोटावर घेतला, जिभेला लावला आणि थुंकून टाकला. “ह्यो तर खार हाय. इकत घेतला व्हय?”

“हो.”

“सूनबाई, ह्यांना उद्या चोपनात घेऊन जा. म्हनावं, पोतं भरून न्या. तीस वर्सं मी त्यो भायेर काढतोय, कुनी फुकट नेत न्हाई.”

चोपण म्हणजे काय ते मला वसुधाने सांगितलं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि मागोमाग जमिनीतला खार वर आला. ओली झाली की साबणासारखी निसरडी, वाळली की दगड. अण्णांची दीड एकर तशी आहे. मी पुस्तकात वाचलं होतं, एवढंच.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी होती. शेंगोळ्यांचा रस्सा इतका झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबेना. आमच्याकडे ‘पुरे’ म्हटलं की वाढणारा थांबतो. इथे ‘पुरे’ म्हणजे अजून एक पळी असा अर्थ आहे. चौथ्या पळीला मी ताटावर आडवा हात धरला, तर वसुधाने बाजूने वाढलं.

मग तिने मला शेडमध्ये नेलं. आधीच्या तीन भट्ट्यांची भांडी एका कोपऱ्यात रचून ठेवली होती. साठेक वाडगी असतील. आकार सुंदर, कडा पातळ, हातात घेतल्यावर सोडवत नव्हती. पण आतून सगळी कोरी, मेलेल्या पांढऱ्या रंगाची. बाहेरून बुडाजवळ तेवढा थोडा काळपट फराटा. भट्टीतला धूर बाहेरून लागला असेल, असं मी ठरवून टाकलं. वसुधा दाराशीच उभी होती, आत येत नव्हती. पूर्वी ती एका वाक्यात तीनदा हसायची.

दुसरा दिवस : वजनं

सकाळी मी माझा डिजिटल काटा काढला आणि तिला म्हटलं, “तू नेहमीसारखं वजन कर, मी फक्त बघते.” शाळेतल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी अशीच मुलांच्या मागे उभी राहत असे आणि मुलं घाबरून चंचुपात्र फोडत. वसुधा घाबरली नाही. तिने फेल्डस्पार तोललं, माती तोलली, सोडा तोलला. मी प्रत्येक पुडा पुन्हा माझ्या काट्यावर ठेवला. ग्रॅमचाही फरक नव्हता.

त्याच वेळी मी तोंड उघडून ‘माझं चुकलं’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मनात म्हटलं, मग पाणीच असणार. दोन बादल्या केल्या, एकीत पुण्याचं पाणी, एकीत बोअरचं. सोडा गरम पाण्यात विरघळवला, सगळं कालवलं, बारीक चाळणीतून दोनदा गाळलं आणि भिजायला ठेवलं. दिवसभर हात कोपरापर्यंत पांढरे. अण्णा दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “चुन्याची निवळी झाली का?” आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

घोडेगाव आणि एक वरंबा

तिसऱ्या दिवशी भांडी बुडवायला बसलो. एकूण छत्तीस वाडगी. निम्मी झाली असतील, तोच अण्णांनी पिकअपचा हॉर्न वाजवला. त्यांना घोडेगावच्या बाजारात गाय बघायची होती, आणि गाडी चालवणार वसुधा.

“चला, बाजार उठंल.”

वसुधाने घाईघाईने ओली वाडगी फळीवर एकेक पालथी घातली. गळिताचा हंगाम चालू होता आणि साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळीची काळी पिसं सगळ्या परिसरावर पडत होती. भांडं उताणं ठेवलं की दहा मिनिटांत आत काजळी. इथल्या बायका धुतलेलं पातेलंसुद्धा क्षणभर उताणं ठेवत नाहीत. मी तिची टापटीप बघून शाबासकी दिली, हे इथे नमूद केलं पाहिजे.

वांबोरीचा घाट चढून आम्ही पांढरीपुलावर भेळ खाल्ली. भेळेवर ठेवलेली मिरची मी पुणेरी मिरची समजून चावली, त्यामुळे पुढचे पाच-सहा किलोमीटर मला काही दिसलं नाही.

घोडेगावच्या बाजाराबद्दल मी ऐकून होते, पण इतकी जनावरं एका जागी मी जन्मात पाहिली नव्हती. गाई, म्हशी, बैल, शेरडं, शिंगांना रंग, गळ्यात गोंडे, आणि सगळ्यांवर धुळीचा एक थर. आपल्या मंडईत भाव ओरडून सांगतात. इथे सगळा व्यवहार उपरण्याखाली. दोन माणसं हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि बोटं दाबून भाव करतात. चेहरे देवळातल्यासारखे निर्विकार. अण्णांचा हात असाच एका व्यापाऱ्याच्या हातात असताना मी कौतुकाने विचारलं, “किती म्हणतायत?” दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाच्या घरात चप्पल घालून शिरले होते. सौदा मोडला. एका खोंडाने माझी ओढणी चघळून माझी शिक्षा पुरी केली.

परतताना अण्णा माझ्यावर रागावले असतील असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. “गाय कासंला हलकीच हुती,” एवढंच म्हणाले. घर जवळ आलं तशी त्यांनी वसुधाला गाडी चोपणापाशी थांबवायला लावली. “बाईंना खार दावतो.”

ऊन कलायला आलं होतं. रानात सऱ्या पाडलेल्या होत्या. सरी म्हणजे पाणी वाहायचा खोलगट पाट आणि दोन सऱ्यांमधला उंचवटा म्हणजे वरंबा. सरीत पाणी दिलेलं होतं, ती काळी, ओलसर. आणि प्रत्येक वरंब्याच्या माथ्यावर पांढरी रेघ. जणू कुणी रांगोळी ओढत गेलं होतं. मी वाकून बोटाने खरवडली, भुरभुरीत पांढरी पूड हाताला लागली.

“पाणी खाली सरीत आणि खार वर? असं कसं?” मी विचारलं.

अण्णा वरंब्यावर उकिडवे बसले. “खार पान्याच्या मागनं जातो, बाई. पानी सरीतून वर चढतं, मातीमातीनं. माथ्यावर वारं-ऊन लागलं का पानी उडून जातं. खाराला उडता येत न्हाई, त्यो तितंच बसतो. म्हनून बी माथ्यावर लावायचं न्हाई, जळतं. बगलंला लावायचं. जितनं पानी उडंल, तितं खार. आमच्यात ल्हान पोराला बी ठावं हाय.”

मी तशीच वाकून राहिले. केशाकर्षण. सव्वीस वर्षं मी ते फळ्यावर शिकवलं होतं. खडूचा तुकडा शाईत उभा धरून दाखवत असे. माझ्या पुण्याच्या फरश्या टेबलावर उताण्या, पंख्याखाली वाळतात. पाणी वरून उडतं, सोडा वर येऊन बसतो, तिथेच धूर अडकतो. आणि वसुधाची वाडगी फळीवर पालथी. आत हवा कोंडलेली, वारं लागतं ते बाहेरून, बुडाशी. सोडा वाडग्याच्या भिंतीतून बाहेर निघून जात होता. बुडाजवळचे ते काळे फराटे धुराचे नव्हते. वसुधाचा सगळा शिनो तीनही भट्ट्यांत वाडग्यांच्या उलट बाजूला जात होता.

“वसू,” मी म्हणाले, “घरी चल. आत्ता.”

माझा आवाज चिरकला असावा, कारण अण्णा विचारू लागले, इंचू चावला का. शेडमध्ये धावत जाऊन मी पहिलं पालथं वाडगं उचललं. बुडाच्या कडेने बाहेरून सोड्याची कापसासारखी पांढरी लव फुटलेली होती. आतून मात्र गुळगुळीत, कोरं. पुढचं उचललं, तेच. त्याच्या पुढचं, तेच. पुण्याचं पाणी, बोअरचं पाणी, दोन्ही बादल्यांतली वाडगी अगदी जुळ्यांसारखी. माझे दहा लिटर फुकट गेले याचं मला इतकं सुख वाटलं की मी शेडमध्येच गिरकी घेतली. बावन्नाव्या वर्षी गिरकी घेताना जवळ मडकी नसावीत. एक फुटलं, नशीब, आधीच्या ढिगातलं.

वसुधा मात्र वाडगं हातात घेऊन बघत राहिली. “मी पालथी घालते म्हणून?” एवढंच ती म्हणाली. “अजून ठरलं नाहीये,” मी म्हणाले, कारण सिद्ध झाल्याशिवाय बोलायचं नाही ही आमची शिस्त. आधीची अठरा तशीच पालथी राहू द्यायची आणि उरलेली उद्या उताणी वाळवायची, असं मी ठरवलं. तुलना हवी.

मांडव आणि भट्टी

पण काजळीचं काय? त्यावर उपाय वसुधाने काढला. सकाळी तिने उरलेली वाडगी बुडवली, उताणी मांडली, चार बाजूंना चार काठ्या रोवल्या आणि वर अण्णांचं जुनं मलमलचं धोतर ताणून बांधलं, उन्हाळ्यात कुरडया वाळत घालताना बांधतात तसं. वारा आत, काजळी वर. दुपारपर्यंत वाडग्यांच्या आत, कडेकडेने बारीक पांढरी लव दिसायला लागली. मी दर अर्ध्या तासाने वाकून बघत होते. शेवटी वसुधाने दटावलं, “तुझ्या श्वासाने ओली होतील.” आल्यापासून पहिल्यांदाच ती थट्टा करत होती.

पाचव्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. छत्तीस वाडगी आत, डावीकडे पालथी वाळलेली, उजवीकडे उताणी वाळलेली. भाजताना अर्थात सगळी उताणीच. नऊशे अंशांच्या सुमाराला हवा कमी करायची आणि भट्टीला धुरात कोंडायचं. आम्ही कोंडलं. चिमणीतून काळाकुट्ट धूर निघाला, आणि दहा मिनिटांत बांधावरून चार माणसं धावत आली. एकाच्या पाठीवर फवारणीचा पंप, पाण्याने भरलेला. उसाला आग लागली असं वाटून ती शेजारच्या वस्तीवरून आली होती. अण्णांनी त्यांना शांतपणे बसवलं आणि चहा पाजला. “न्हाई, न्हाई, ऊस न्हाई पेटला. आमची सून धूर अडकवती भांड्यात.” पंपवाल्याने अण्णांकडे आणि मग माझ्याकडे काळजीने पाहिलं. पुण्याहून आलेल्या बाईचा हात यात असणार, हे त्याला कळलं असावं.

संध्याकाळ व्हायच्या आत भट्टीतला मातीचा सुळका वाकला. त्या सुळक्यांना आम्ही कोन म्हणतो. ठरलेल्या उष्णतेला तो मान टाकतो. गॅस बंद केला, सगळी भोकं बुजवली. आता दीड दिवस हात लावायचा नाही. हा दीड दिवस घालवणं हे या प्रवासातलं सगळ्यात अवघड काम होतं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी हुरडा केला. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. मी चोळलेल्या हुरड्यात निम्मा कोंडा होता. अण्णांचे दाणे हिरवेगार, मोत्यासारखे. ते आपले दाणे न बोलता माझ्या पुढ्यात सरकवत राहिले. वसुधा शेडकडे पाठ करून बसली होती. “उद्याही तसंच निघालं तर मला दोष देऊ नकोस,” ती म्हणाली. “मी खरंच सोडणार आहे. रोज सकाळी अशीच शेडकडे पाठ करून चहा घेते आता.”

मी हातातला हुरडा खाली ठेवला. ती पाठ मीच फिरवायला लावली होती.

उघडणं

सातव्या दिवशी सकाळी वसुधाने भट्टीच्या दाराच्या विटा एकेक काढल्या. अजून ऊब होती. पहिली तिला डावीकडची दिसली. पांढरी, मेलेली, नेहमीसारखी. तिचे खांदे खाली आले. ती वीट हातात धरून उभी राहिली, पुढची काढेचना.

“वसू, उजवीकडे बघ,” मी म्हणाले.

तिने दोन विटा काढल्या आणि वाकली. किती तरी वेळ ती वाकूनच होती. मग आत हात घालून तिने एक वाडगं काढलं, गरम होतं तरी पदरात धरून. आतून दुधासारखं पांढरं, त्यात तळापासून वर चढत गेलेले काळे ढग, आणि कडेला तांबूस, जिथे ग्लेज पातळ होतं तिथे. दुसरं काढलं. त्यात ढग नव्हते, काळ्या रेषांचं जाळं होतं. तिसरं, चौथं. अठराच्या अठरा. एकसारखं एकही नाही. मी टाळ्या वाजवत होते, रडत होते, काय काय करत होते. असं भांडं मी पुण्यातही कधी पाहिलं नव्हतं. माझ्या फरश्या यांच्यापुढे पोरखेळ.

वसुधा खाली फरशीवर बसली. “म्हणजे माझा हात चुकत नव्हता,” ती म्हणाली.

“नव्हता. तुझी वजनं ग्रॅमला बरोबर होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, मी बोलले नाही. आणि कृतीत वाळवायचं कसं ते मी एका ओळीतही लिहिलं नव्हतं. चुकले मी, आणि बोल तुला लावला.”

ती रागावेल अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, “हाताला सफाई नाही, असं म्हणालीस ना, त्यानंतर महिनाभर मी चाकावर बसले नाही.” मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अण्णा दारात आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्यांनी चष्मा चढवला, एक वाडगं उचललं आणि उजेडात नेऊन आत पाहिलं. काळ्यावर चढलेला तो पांढरा, तो पांढऱ्यात बसलेला काळा. बोटाने त्यांनी कड चाचपली.

“तीस वर्सं ह्या खारानं रडिवलं मला,” ते म्हणाले. “चांगला दिसताना आज बघतोय.”

वसुधा उठून उभी राहिली. आठवडाभरात मी तिला अण्णांसमोर ‘हो’शिवाय काही म्हणताना ऐकलं नव्हतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “शेड नाही देणार मी.”

“आन् कांदा? कांदा काय माझ्या उशाला ठिवू?”

तिने नजर खाली घातली नाही. अण्णांनी हातातलं वाडगं फळीवर ठेवलं. सवयीने पालथं ठेवलं, मग थांबले आणि हलक्या हाताने उताणं केलं.

“ठिवतो कुठंतरी,” ते म्हणाले. “तू तुजी भट्टी लाव.”